हळर्णच्या वाटेवर सुमो आणि ईको

आमच्या दारात दोन गाड्या आहेत. ह्यांची 2006 सालची टाटा सुमो आणि भावजींची 2022 सालची सात आसनांची मारुती ईको. यातली एकच ठेवायची असे घरात चालले आहे. सुमोचे कागद 2026 मध्ये पुन्हा नूतनीकरणाला येतात आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीला 2025च्या ऑगस्टपासून त्यासाठी दहा हजार रुपये मोजावे लागतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकराजण दोन्ही गाड्या घेऊन पेडणे तालुक्यातल्या हळर्णच्या किल्ल्याला निघालो.

बेळगावहून जांबोटी सोडले की रान सुरू होते. मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबीला चहा घेतला. पुढे चोर्ला घाटात उताराला सुमोचे डिझेल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गाडीला धरून ठेवते, ब्रेकवर सारखा पाय लागत नाही. हे त्यावर भलतेच खूश. पण मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्या पोरांना वळणावळणाला मळमळत होते. भावजींच्या ईकोत सगळे तोंड पुढे करून बसलेले, तिथे कुणाला काही नाही. तिचे इंजिन मात्र पुढच्या आसनाखाली. केरीला उतरेपर्यंत भावजींची बैठक चांगलीच तापली होती.

साखळी, डिचोली करून अस्नोड्याकडे जाताना मुळगाव लागते. सुमो हे नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांवरून पडले, 1994 साली. हे मी सांगताच ह्यांनी पाटीपाशी गाडी थांबवून फोटो काढला! कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो.

हळर्णचा किल्ला लहान, जांभ्या दगडाचा, शापोरा नदीकाठी. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्याबद्दल त्याला 'मार्क्विस ऑफ अलोर्ना' ही पदवी मिळाली. त्याची नात पोर्तुगालची नावाजलेली कवयित्री झाली, तीही याच अलोर्ना नावाने. तटावरून खाली संथ पाणी आणि माडांच्या रांगा बघताना इतक्या लांब गेलेले नाव इथलेच, यावर विश्वास बसत नाही.

खरी परीक्षा गावातल्या अरुंद वाटेवर झाली. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसरीकडे तुळशी वृंदावन. सुमोचे दार उघडेना. ईकोचे सरकते दार मागे ढकलले की झाले. आमच्या अत्तींना, म्हणजे मुलांच्या अज्जींना, गुडघ्यांमुळे सुमोत चढायला पाट लागतो, वर दोघांचा आधार. त्या परतीला आपणच ईकोत जाऊन बसल्या. "नान इदराग कूडतीनि," म्हणाल्या. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

परतीच्या चढाला ईकोने कसाबसा दम धरला. सुमो सहाजण आणि नारळांची दोन पोती घेऊन न कुरकुरता वर आली. ओझे, चढ, खराब रस्ता म्हटला तर सुमोच. पण अत्ती गेल्या दोन वर्षांत सौंदत्तीच्या यल्लम्माला आलेल्या नाहीत, कारण चढण्या-उतरण्याची त्यांना धास्ती. मी माझे मत ईकोला दिले आहे. भावजी अर्थातच माझ्या बाजूने. हे अजून सुमो धूत असतात.