गाव पायी पाहिले तेव्हा

परभणीस पाहण्यासारखे काय आहे, असे पाहुण्यांनी विचारले म्हणजे आम्ही आजवर एकच उत्तर देत आलो : फेब्रुवारीत तुरत पिराचा उरूस, आणि एरवी रेल्वेचे स्टेशन, कारण पाहण्यासारख्या गावांना जाणाऱ्या गाड्या तेथेच मिळतात. हा विनोद आम्हांस स्वतःलाच इतका आवडत असे की, त्यात तथ्य किती हे तपासून पाहण्याची गरज इतक्या वर्षांत कधी भासली नाही. ती गेल्या मार्गशीर्षात भासली, आणि तीही हौसेने नव्हे.

जुन्या गावात आमचा अठ्ठावीस खणी वाडा आहे. तीर्थरूप दादांचे म्हणणे, तो पाडावा आणि जागेवर चार मजले उठवावेत; म्हणजे प्रत्येक भावाच्या वाट्यास एकेक मजला येईल आणि धाकट्या सुनांची नळावरची कुरबुर थांबेल. आमचे म्हणणे, पणजोबांनी उभारलेल्या वास्तूची वीटही हलता कामा नये. या वादात दोन दिवाळ्या गेल्या. मातुःश्रींचे म्हणणे काय, हे कोणी विचारले नव्हते. अशात दादांचा धाकटा मुलगा सुटीस आला. तो पुण्यास वास्तुशास्त्र शिकतो. दोन्ही पक्षांनी त्यास पंच नेमले. तो म्हणाला, "काका, वाड्याचे मागाहून पाहू. आधी मला गाव दाखवा, पण पायी."

पहाटे सहाला आम्ही निघालो ते स्टेशनापासून, कारण अर्वाचीन परभणीचा आरंभच तेथून होतो. निजामाच्या राज्यात सन १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि कापसाचे गाठोडे बैलगाडीतून उतरून आगगाडीत बसले. पुढे १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले. तोवर गावही स्टेशनाकडे सरकत आले होते. घरांच्या उंचीवरून वर्षे ओळखता येतात, असे पुतण्याने दाखविले. स्टेशनाच्या बाजूस काच लावलेली तीन-चार मजली दुकाने. त्यांच्या मागे दगडी जोत्यावरची बैठी घरे. आणि आत जावे तसतशी मातीच्या माळवदांची दाटी. वाटेत बी. रघुनाथ यांच्या नावाचे सभागृह लागले. हे कवी व कादंबरीकार परभणीस बांधकाम खात्यात कारकून होते आणि १९५३ साली येथेच वारले. दिवसभर इतरांच्या इमारतींचे खर्चाचे तक्ते उतरवून घ्यावेत आणि रात्री कविता लिहावी, अशा गृहस्थाच्या नावाची इमारत गावात असावी हे आम्हांस मोठे न्याय्य वाटते. पुतण्यास त्यांचे नाव ठाऊक नव्हते. आम्ही थोडे रागावलो. पण तो कागदावर दुसरेच काही काढीत होता.

काचेच्या दुकानांविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. ज्या प्रांतात मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, तेथे पश्चिमेस तोंड करून काच बसवावयाची आणि मग थंड हवेच्या यंत्रास वीज पुरवीत बसावयाचे, यास सुधारणा म्हणणे आम्हांस जमत नाही. छपरांवर लोखंडी सळया आकाशाकडे उघड्या सोडलेल्या असतात. त्या पुढच्या मजल्याच्या आशेने. कित्येक ठिकाणी आशा गंजून लाल झाली आहे.

जुन्या गावात शिरलो तसे आम्ही दरवाजांची नक्षी आणि चुन्याच्या कमानी दाखवू लागलो. पुतण्या मात्र भिंतींचे पाय पाहत होता. "काका, ही भेग पाहा. खाली अरुंद, वर रुंद." परभणीची काळी जमीन कापसास जितकी मानवते तितकी घरास मानवत नाही, पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतीस दरसाल थोडी हलविते. जुने गवंडी यासाठी मुरूम लागेपर्यंत पाया खणीत. ज्यांनी कंटाळा केला त्यांची घरे आज भेगांतून हिशेब देत आहेत. नव्या वस्तीतही एका दोन वर्षांच्या बंगल्याला तशीच भेग आम्हांस दिसली. तेव्हा कंटाळा हा काही केवळ जुन्या पिढीचा गुण नव्हे.

एका पडक्या वाड्यापाशी तो बराच वेळ थांबला. भिंत कोसळली होती, परंतु सागाचे खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. किल्लारीचा विषय तेथे निघाला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यात कोणास सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक निजले होते. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतून हजारो माणसे आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली. परभणीसही पलंग हालले. त्यानंतर आमच्या आळीत पंधरा दिवस सारे अंगणात निजत होते, आणि मातीच्या घरावरचा लोकांचा विश्वास तेव्हा जो उडाला तो पुन्हा बसला नाही. दादांचा आग्रह त्या रात्रीपासूनचाच आहे. आम्ही त्यास उगाच पैशाचा लोभ म्हणत आलो.

पुतण्याने सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकले. त्या घरांच्या भिंती जाड खऱ्या, पण आतून बाहेरून दगडांचे दोन स्वतंत्र पापुद्रे आणि मधे माती व गिट्टी. दोहोंस जोडणारा लांब आरपार दगड नाही. धक्का बसताच पापुद्रे सुटले. वर माळवदाचे ओझे. दरसाल पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकावयाचा आणि जुना काढावयाचा नाही, अशाने पिढ्यानपिढ्या दीड-दोन फूट माती साठते. मात्र जेथे लाकडी खणांचा सांगाडा चांगला होता, तेथे भिंती पडल्या तरी सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. आदल्या रविवारी आम्ही जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास जाऊन यादवकालीन देवळे आणि पायऱ्यांची बारव पाहून आलो होतो. "तिथे चुना नाही, माती नाही, दगडच दगडात बसवलाय. आपल्या भिंतीत दगड आहे, पण तो बसवलेला नाही, टाकलेला आहे," असे तो म्हणाला. कोवळ्या मुलाच्या तोंडून पणजोबांच्या गवंड्याची ही निंदा आम्हांस रुचली नाही.

पुढे तुरत पिराच्या दर्ग्यावरून गेलो, जेथे उरुसात हिंदू व मुसलमान दोघेही सारख्याच भावाने नारळ-फुले वाहतात. नव्याने बांधलेल्या पारदेश्वराच्या देवळात पाऱ्याच्या शिवलिंगास नमस्कार केला. आणि उन्हे चढल्यावर कृषी विद्यापीठाच्या झाडांखाली बसलो. निजामी अमदानीत १९१८ साली येथे प्रयोगशेत निघाले, त्याचे विद्यापीठ १९७२ साली झाले. परभणीत सिमेंटचा उपयोग माणसास सावली मिळेल अशा बेताने कोणी केला असेल तर येथे, एवढेच आम्ही म्हणतो. खरे सांगावयाचे तर आमचे लक्ष तेव्हा तेथे नव्हते.

घरी येताच पुतण्याने वाड्याची मागली भिंत पाहावयास घेतली. ही भिंत सात वर्षांपूर्वी आम्ही स्वतः दुरुस्त करविली होती. पोपडे निघत, वहिनी रोज झाडून कंटाळत. म्हणून आम्ही सिमेंटचा घट्ट गिलावा करून वर पिवळा रंग दिला, आणि "पाहा, वाडा कसा नवा दिसतो" म्हणून दादांस ऐकविलेही. पुतण्याने भिंतीलगत दोरी ताणली. मधोमध भिंत दोरीच्या बाहेर चार बोटे आली होती. त्याने आमच्या परवानगीने एक हातभर गिलावा फोडला. आतील माती ओली निघाली. पूर्वी भिंतीस शिरलेली ओल मातीच्या गिलाव्यातून उडून जात असे. आम्ही तिची वाट बंद केली होती. या भिंतीच्या आत मातुःश्रींची खोली आहे.

दादा दारात उभे होते. ते काही बोलले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "आज आईचा बिछाना ढाळजेत आणू." आम्ही दोघांनी मिळून पलंग उचलला. गेल्या दोन वर्षांत आम्ही भावांनी मिळून केलेले हे पहिलेच काम होते.

मातुःश्री पाहत होत्या. म्हणाल्या, "इतकी घाई कशाला? भूकंप झाला तेव्हापासून मी भिंतीकडे डोके करून निजतच नाही. उशी नेहमी खांबाकडे असते." आम्ही पाहिले, खांबाच्या सागावर, उशीच्या उंचीवर, तेलाचा काळा डाग पडला होता. तीस वर्षांचा तो डाग आम्हां कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, आणि त्याचा अर्थ विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुतण्याने वहीत सर्वांत आधी तो खांब काढला.

निवाडा त्याने दिला तो कोणाचाही पक्ष जिंकू न देणारा. सांगाडा ठेवावा, मागली भिंत क्रमांक घालून उतरवावी आणि आरपार दगड घालून पुन्हा रचावी, बाकीच्या भिंतींत ठरावीक अंतरावर भोके पाडून लोखंड व काँक्रीटचे दुवे भरावेत, माळवदावरची माती वीतभर ठेवून बाकीची काढावी. सुनांच्या नळाचा प्रश्न त्याच्या शास्त्रात येत नाही, असेही त्याने प्रांजळपणे सांगितले. तो अद्याप शिल्लक आहे. दादा खर्चाचा आकडा ऐकून दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच गवंड्यास निरोप धाडला.

संक्रांतीनंतर माती उतरू लागली. पांढरी माती शेतास चांगली म्हणून खालच्या आळीतील शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले आणि आमच्या चार पिढ्यांचे थर घेऊन गेले. मातुःश्री ढाळजेत बसून खेपा मोजीत होत्या. एकोणतीस झाल्यावर त्यांनी मोजणे सोडले आणि गड्यांस चहा टाकावयास सांगितला.