नळीत अडकलेली हवा

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या मुरुडच्या घरी सोलरचं गरम पाणी येईनासं झालं. गच्चीवरच्या २०० लिटरच्या टाकीला जोडलेल्या काचेच्या नळ्या उन्हात व्यवस्थित तापत होत्या, पण न्हाणीतला नळ नुसता फुरफुर करायचा. चार थेंब पडायचे, की पुन्हा फुरफुर. ऐंशी वर्षांची आई अंघोळीला खोळंबून बसायची.

एकाने सांगितलं, क्षार बसलेत, नळ्या बदला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. इंग्लंडातल्या लेकीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, हवा अडकली असेल." तिच्या घरात भिंतीला लोखंडी रेडिएटर आहेत, त्यांतून गरम पाणी फिरतं आणि खोल्या ऊबदार राहतात. रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागला, की वर हवा साठली असं समजायचं. मग हीटिंग बंद करून तो निवू द्यायचा आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने जरासा सैल करायचा. हवा सुसकारत निघून जाते. पाणी दिसलं की स्क्रू आवळायचा.

मी गच्चीवर गेलो. पावसाळ्याआधी गच्चीचं काम करताना गरम पाण्याचा पाइप कठड्यावरून उचलून पलीकडे टाकला होता. तिथे त्याला उंटासारखी पाठ आली होती. हवा हलकी, ती उंचावरच जाऊन बसते. चुलीवर पाणी ठेवलं की उकळी फुटायच्या आधीच पातेल्याला बारीक बुडबुडे चिकटतात, ती पाण्यात विरघळलेली हवाच असते. शिवाय आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. टाकी रिकामी झाली की पाइपात आणखी हवा शिरते. गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा जेमतेम दोन हात उंच. तेवढ्या दाबाने ती हवा पुढे ढकलली जाईना. शेतात मोटारीने एअर धरली की आपण लगेच ओळखतो, घरात मात्र ते सुचलं नाही याची हळहळ वाटली.

नळ्यांवर गोणपाट टाकलं, दुसऱ्या दिवशी पहाटे हाताला फडकं गुंडाळून त्या पाठीवरचा जोड किंचित सैल केला. आधी सुस्कारा, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. जोड आवळला. आईने त्या दिवशी पोटभर अंघोळ केली.

नंतर प्लंबरने त्याच जागी टी बसवून उघड्या तोंडाची उभी नळी लावली. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर ठेवलं आणि कचरा पडू नये म्हणून खाली वळवलं. पाठीवरची हवा आता आपोआप जाते. सोलरच्या टाकीलाही अशीच नळी असते. तिच्यातून कधी पाणी सांडतं म्हणून काहीजण बूच मारतात. तसं केल्यास आत दाब वाढून टाकी फुगू शकते आणि पाणी झपाट्याने उतरलं तर ती आत चेपूही शकते. तुमच्या गच्चीवर असं बूच असेल तर आजच काढा.