झाकण मिटले, तरी जागाच!

ही गोष्ट एका जुन्या लॅपटॉपची आहे आणि थोडी माझ्या चुकीचीही.

आमचे घर वडगावातील विणकरांचे. मुलगी दहावीला गेली तेव्हा तिच्यासाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. तो फार संथ चाले, म्हणून त्यावर लिनक्स घातले. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली मोफत मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते.

तक्रार एकच होती. रात्री दहाला ९० टक्के बॅटरी असताना झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी सहाला ३१ टक्क्यांवर यायचा. दप्तरात हात घातला तर कोमट लागायचा. मी मुलीवर संतापलो, "रात्री चोरून सिनेमे बघतेस!" "पप्पा, मी हातसुद्धा लावला नाही," म्हणत ती रडू लागली. वडील एवढेच म्हणाले, "माग थांबला म्हणून पोरांवर ओरडतात काय? कुठलं सूत तुटलंय ते आधी बघ."

मग बघायला बसलो. पहिला संशय बॅटरीवर. लिनक्स बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही सांगते. मूळ ४५ वॅट-तास, आज ३८. म्हणजे बॅटरी ठीक होती. नवी घेतली असती तर पैसे वाया गेले असते.

दुसरा प्रयत्न 'पॉवरटॉप' या प्रोग्रॅमचा. कोणता भाग किती वीज खातो याचा अंदाज तो देतो. त्यातल्या सगळ्या बचती मी एकदम चालू केल्या. झाले! माउस क्षणभर थांबला की झोपी जायचा. शिवाय कशाने काय झाले तेही कळेना. सगळे पूर्ववत केले आणि ठरवले, एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

खरे सूत तिसऱ्या दिवशी सापडले. लॅपटॉपला झोपेचे दोन प्रकार ठाऊक होते. 'डीप' म्हणजे गाढ झोप. तीत मेमरी सोडून जवळजवळ सगळ्यांची वीज तुटते. 'एस-टू-आयडल' म्हणजे डुलकी. तीत एखादा भाग नीट शांत झाला नाही, तर बॅटरी रात्रभर झिरपते. आमचा लॅपटॉप डुलकीवर ठेवलेला होता! आधी तात्पुरता बदल करून तो गाढ झोपेतून नीट उठतो ना, हे पाहिले. काही यंत्रे उठत नाहीत, आणि काहींत हा प्रकारच नसतो. दुसऱ्या सकाळी ८५ टक्के शिल्लक! तात्पुरता बदल यंत्र बंद करून चालू केले की पुसला जातो, म्हणून नंतर तो सुरुवातीच्या सूचनांत कायमचा घातला.

त्या संध्याकाळी वही मुलीपुढे ठेवली आणि म्हणालो, "चूक माझी होती, बाळा." तिने वही वाचली आणि विचारले, "पप्पा, हे आधी का नाही मोजलंत?"

पालकहो, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिले.