मोबाईलला घाम येत नाही

मोबाईलच्या जाहिराती बारकाईने वाचायची मला सवय आहे. पूर्वी त्यात कॅमेरा आणि बॅटरी एवढंच असायचं. हल्ली एक नवी ओळ दिसते : अमुक हजार चौरस मिलिमीटरचा व्हेपर चेंबर. सोबत निळं चित्र, त्यात बर्फाचे खडे. बघणाऱ्याला वाटावं, आत छोटा फ्रिजच बसवलाय.

माझा धाकटा भाऊ सोलापुरात घरपोच जेवण पोहोचवण्याचं काम करतो. त्याच्यासाठी ही ओळ चैनीची नाही. दुपारी बारा ते चार ही त्याच्या कमाईची वेळ, आणि मे महिन्यात नेमका तेव्हाच हँडलला लावलेला मोबाईल मान टाकतो. आधी स्क्रीन अंधारते, मग नकाशा अडखळतो, मग चार्जिंग थांबतं. एकदा ऑर्डर घेता घेताच फोन बंद पडला आणि ॲपच्या हिशेबात भाऊ गैरहजर ठरला. नवा फोन घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "भाई, ये चेंबरवाला लेऊं क्या? गरम नै होता बोलते." दोन फोनच्या किमतीत पाच हजारांचा फरक होता. त्याच्या घरात पाच हजार म्हणजे महिन्याचा किराणा.

विजापूर वेशीजवळ आमच्या मामूंच्या मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने एक खराब झालेला फोन उघडून दाखवला. प्रोसेसरवर पांढरट लेप, त्यावर तांब्याचा पातळ पत्रा, आणि वर काळा, कार्बन पेपरसारखा दिसणारा ग्राफाइटचा कागद. "स्क्रीन बदलताना बरेच जण हा कागद फाडतात आणि परत लावतच नाहीत," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आठ दिवसांनी येतं, फोन तापतो म्हणून."

व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याची चपटी, बंद डबी. आतली हवा काढून टाकलेली, आणि जेमतेम थेंबभर पाणी. हवा नसल्यामुळे ते पाणी कमी उष्णतेतच उकळतं. प्रोसेसरपाशी वाफ होते, थंड बाजूला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आणि तांब्याच्या बारीक जाळीतून ते मूळ जागी परततं. कंदिलाची वात रॉकेल वर ओढते, तसंच.

वाचताना मला आमच्या ओसरीतला माठ आठवला. माठही वाफेवरच चालतो. पण माठातलं पाणी झिरपून बाहेर येतं, हवेत उडतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. डबीतलं पाणी कुठेच जात नाही. म्हणजे व्हेपर चेंबर उष्णता संपवत नाही, फक्त पसरवतो. एका नखाएवढ्या जागेतली धग फोनच्या सगळ्या अंगभर वाटली जाते. त्यापुढचं काम फोनच्या अंगाचं, आणि त्या अंगाला घाम येत नाही.

म्हणून फोनची बॉडी कशाची आहे, हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजायच्या एककात तांबं सुमारे ४०० येतं, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू १५० ते २००च्या घरात, टायटॅनियमचं नेहमीचं मिश्रधातू ७ च्या आसपास, काच साधारण १ आणि प्लॅस्टिक त्याहूनही कमी. ॲपलने २०२३ साली आयफोनच्या प्रो मॉडेलला टायटॅनियमची चौकट दिली होती. २०२५ च्या प्रो मॉडेलमध्ये पुन्हा ॲल्युमिनियम आलं, आणि सोबत व्हेपर चेंबर. टायटॅनियम मजबूत खरं, पण उष्णतेच्या वाटेत ते भिंतीसारखं उभं राहतं.

यातून एक उलटी गोष्ट कळते. हाताला गरम लागणारा फोन वाईटच असतो असं नाही, तो आतली उष्णता बाहेर टाकत असतो. प्लॅस्टिकच्या पाठीचा फोन हाताला बरा लागतो, पण आत प्रोसेसर उकडत असू शकतो. आणि आपण हौसेने चढवतो ते जाड रबरी कव्हर म्हणजे मे महिन्यात अंगावर घेतलेली गोधडी.

आता सोलापूरच्या दुपारचा हिशेब करू. फोनची पाठ ४५ अंशांच्या आसपास गेली की हात भाजू नये म्हणून आतली यंत्रणा वेग कमी करते. त्याच सुमाराला बॅटरीचं चार्जिंगही थांबतं. खोलीत २५ अंश असतील, तर पाठ आणि हवा यांच्यात २० अंशांचा उतार मिळतो आणि उष्णता त्या उतारावरून निघून जाते. बाहेर ४२ असतील तर उतार उरतो ३ अंशांचा. पाणी जवळजवळ सपाटीवर सोडल्यासारखं. त्यात ऊन. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. सोळा बाय साडेसात सेंटिमीटरच्या फोनवर ते होतं १२ वॅट, आणि काळी काच त्यातलं बरंचसं पिऊन टाकते. नकाशा चालवताना फोन स्वतः जेवढी उष्णता करतो, त्याहून ही भर मोठी. चेंबर कितीही मोठा असला, तरी तो उष्णता पाठवणार कुठे?

ॲपल आपल्या फोनसाठी वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सांगते. आमच्याकडे मार्चअखेरीलाच दुपार त्यापुढे जाते.

मी भावाला सांगितलं, पाच हजार वाचव. त्याने साधा फोन घेतला. मागचं कव्हर काढलं, होल्डरवर पांढऱ्या पुठ्ठ्याचा छज्जा बांधला आणि पॉवर बँक लावायची ती सावलीतच. गाडी चालू असताना वारा लागतो तोवर ठीक, पण सिग्नलला आणि हॉटेलबाहेर थांबल्यावर फोन तापतो, म्हणून तिथे तो होल्डरमधून काढून खिशाआड धरतो. त्याचे काही साथीदार तापलेला फोन थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवतात. त्याने आत ओल धरते, ते करू नये. एवढं करून फोन बंद पडणं कमी झालं, थांबलं नाही. कडक उन्हाचे दोन तास अजूनही त्याच्या हातून जातात.

मला खटकतं ते इथे. फोन त्याचा, हप्ता त्याचा, दुरुस्ती त्याची. पण फोन तापून बंद पडला तर तो गैरहजर. यंत्राला ४५ अंशांवर थांबायची मुभा कारखान्यातूनच मिळालेली असते. ते यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी ॲपमध्ये तसा आकडाच नाही. 'फोन तापला आहे' एवढं एक बटण द्यायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही, कारण फोनचं तापमान फोनला आधीच ठाऊक असतं.

बिल्ड क्वालिटी म्हटलं की आपण फोन वाकवून बघतो, काचेवर किल्ली ओढतो. माझ्या मते खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी दोनला, सात रस्त्याच्या चौकात घ्यावी. आणि तोवर एक साधी गोष्ट आपल्या हातात आहे. दारात जेवण घेऊन आलेल्या पोराला उशीर झाला असेल, तर तारे कमी करण्याआधी त्याला जिन्याच्या सावलीत पाच मिनिटं उभं राहू द्या. पाणी त्याला लागतंच, सावली दोघांनाही लागते.