आडवी रेघ आधी

दिल्लीत जेएनयूला चिनी शिकायला आलं की सगळे स्वरांची भीती घालतात. चार स्वर, पाचवा बिनजोराचा. चढउतार चुकला की शब्दच बदलतो. मान्य. पण मराठी जिभेला इथं एक आयता फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. 1958 साली चीननं स्वीकारलेल्या पिनयिनमध्ये रोमन ‘बी’ दिसतो, उच्चार मात्र आपल्या प-जवळचा; ‘पी’ म्हणजे प-मध्ये मिसळलेला ह. हा भेद आपण बालवाडीतच गिरवलेला. शिवाय ‘चिंच’ म्हणताना दोन निराळे च आपण सहज काढतो. चिनीतही असे दोन्ही आहेत.

हाताचं मात्र बिनसतं. आपण अक्षर काढून शिरोरेषा मागाहून ओढतो. इथं दहाच्या अंकाला आडवी रेघ आधी, उभी नंतर. कागदावर फरक दिसत नाही, तरी बाई थांबवतात, आणि मला ते पटतं.

सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि युद्धाच्या धामधुमीत ही भाषा शिकले. माझ्याकडे टेबल आहे, दिवा आहे, तरी कुरकुर! उद्या मापशब्द: मोजताना पुस्तकाला एक, कागदाला दुसरा.