‘मौनाचें जग’ आणि घरांतील मुलें

निसर्गावरील चित्रपटांत अलीकडे एक नवा शिष्टाचार रूढ झाला आहे. पडद्यावर पशुपक्षी दिसतात, माणूस मात्र दिसत नाहीं. ज्यानें तीं चित्रें टिपलीं त्याचे हात कोठेंहि आड येत नाहींत. असले पट आमच्या वाचकांच्या घरीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वजण एकत्र बसून पाहतात, आणि ते पाहण्यासारखे असतातहि. परंतु झाक कूस्तो व लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकांचा ‘मौनाचें जग’ हा १९५६ सालचा पट अगदीं निराळ्या प्रकृतीचा आहे. तो मुलांना दाखवावा कीं नाहीं, असें आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें.

त्याची थोरवी प्रथम सांगितली पाहिजे. कान येथील महोत्सवांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालें. पुढें ४८ वर्षें दुसऱ्या कोणत्याहि अनुबोधपटाला तो मान लाभला नाहीं. याचें मूळ एका लहानशा यंत्रांत आहे. पूर्वीचा पाणबुड्या डोक्यावर धातूचें शिरस्त्राण व पायांत जड जोडे घालून, वरून येणाऱ्या नळीच्या भरंवशावर, तळावर चालत असे. १९४३ सालीं कूस्तो व एमील गान्यां नांवाचा इंजिनियर या दोघांनीं श्वासाच्या मागणीप्रमाणें, आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, हवा पुरविणारी झडप सिद्ध केली. पाठीवर नळकांडीं बांधलीं कीं माणूस मोकळा झाला. चालणें संपलें, तरंगणें सुरू झालें. पाणी तांबडा रंग सर्वांच्या आधीं गिळून टाकतें, म्हणून थोड्या खोलीवरच सारें निळेंहिरवें दिसूं लागतें. कूस्तोच्या मंडळींनीं खालीं दिवे नेले, आणि काळवंडलेल्या खडकावर एकदम कुंकवासारखा लाल रंग उजळला! हातांत पेटते पलिते घेऊन निळ्या पाण्यांत उतरणारे ते आरंभींचे पाणबुडे एकदां पाहिले म्हणजे विसरणें अशक्य.

आतां दुसरी बाजू. याच पटांत पोवळ्यांच्या खडकाजवळ सुरुंग उडविला जातो. कशासाठीं? तर तेथें कोणकोणते मासे राहतात याची मोजदाद करण्यासाठीं. मेलेल्या माशांचा खच आपण पाहतों. पुढें ‘कालिप्सो’ या त्यांच्या जहाजाच्या पंख्यांत सांपडून देवमाशाचें एक पिलूं घायाळ होतें. त्याच्या वेदना संपाव्यात म्हणून त्याला ठार करण्यांत येतें. रक्तावर शार्क जमतात, त्याचे लचके तोडतात. तेव्हां खलाशी त्या शार्कांना आंकड्यांनीं वर ओढून कुऱ्हाडींनीं हाणतात. जणूं कांहीं सूडच!

हा भाग कात्रीनें काढून मग पट दाखवावा, असें कित्येक सुज्ञ आईबाप म्हणतात. आम्हांला तें मान्य नाहीं. खलाशांनीं तें कृत्य लपविलें नाहीं, कारण त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे असें त्यांस वाटलेंच नाहीं. त्या वेळच्या परीक्षकांनाहि तें पारितोषिकाच्या आड येण्याजोगें वाटलें नाहीं. आणि याच कूस्तोनें अवघ्या चार वर्षांनीं, १९६० सालीं, भूमध्य समुद्रांत किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध रान उठविलें, व १९७३ त समुद्राच्या रक्षणासाठीं संस्था स्थापिली. तो भाग कापला तर मुलांच्या हातीं एक जन्मजात साधुपुरुष येईल. तसा कोणी नव्हता. (पटाचें नांवहि पुढें खोटें ठरलें. समुद्र मुका नाहीं. कोळंब्यांच्या जातीचे बारीक जीव तेथें अखंड कडकडाट करितात, आणि देवमाशांच्या गाण्यावर १९७१ सालीं शास्त्रज्ञांनीं निबंध प्रसिद्ध केला.)

आमच्या घरीं तीन पिढ्यांनीं हा पट एकत्र पाहिला. झोझो नांवाचा तो माणसाळलेला हेकरू मासा इतरांचा घांस पळवितो म्हणून त्याला पिंजऱ्यांत कोंडतात, तेव्हां मुलें पोट धरून हसलीं. शार्कांच्या प्रसंगीं मात्र सर्व चिडीचूप. मग आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारलें, “आजी, त्या शार्कांनीं त्यांचें काय वांकडें केलें होतें?” तिच्या आजीनें पट थांबवावयास सांगितला. बोलणें सुरू झालें तें जेवणाचीं पानें मांडलीं तरी संपलें नव्हतें. उरलेला पट दुसऱ्या दिवशीं पाहिला.