कोंडापूरच्या तीन खोल्या

काचीगुड्यात वाढलेल्या माणसाला कोंडापूर म्हणजे वेगळं शहरच वाटतं. इकडे बडी चौडीची भाजी, सुलतान बाजारची गर्दी आणि दारादारांत मराठी बोलणारे काका-काकू. तिकडे खडकांना खेटून उभ्या इमारती आणि गेटागेटावर ‘टू-लेट’च्या पाट्या. 1998 मध्ये सायबर टॉवर्स सुरू झालं आणि हळूहळू हा सगळा भाग भाडेकरूंनी भरून गेला.

आमचं घर बोटॅनिकल गार्डनपासून जवळ, चौथ्या मजल्यावर. भाडं 36 हजार. राहणारे तिघे: मी, लातूरचा मित्र आणि इंदूरचा मित्र. मोठ्या खोलीला स्वतःचं बाथरूम आणि पूर्वेची बाल्कनी. मधली ऐसपैस, पण पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये रात्रीपर्यंत भिंत तापलेली. तिसरी लहान, स्वयंपाकघराला लागून. कुकरची शिट्टी थेट उशाशी, पण दुपारी सगळ्यांत थंड.

बारा-बारा हजार असे सरळ तीन भाग केले, तर लहान खोलीतला दर महिन्याला बाल्कनीचे पैसे भरतो. वरच्या मजल्यावर अशाच वाटणीवरून दोन जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. चौरस फुटांवर वाटणी केली तरी ऊन, आवाज आणि बाथरूमची रांग फुटात मोजता येत नाही.

मग आम्ही खोल्यांची किंमत आपापल्या मनाला विचारली. प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांचे आकडे लिहिले. अट एकच: बेरीज 36 हजार. मोठी, मधली, लहान या क्रमाने मी लिहिलं 15,000, 12,000, 9,000. लातूरकराने 17,000, 11,000, 8,000. इंदूरकराने 14,500, 13,000, 8,500.

ज्या वाटपात आकड्यांची बेरीज सर्वांत जास्त, ते वाटप घ्यायचं. लातूरकराला मोठी, इंदूरकराला मधली, मला लहान. बेरीज 39 हजार. भाड्याहून तीन हजार जास्त, म्हणून प्रत्येकाचे हजार कमी केले. भाडं ठरलं 16, 12 आणि 8 हजार. प्रत्येकाला स्वतः लिहिलेल्या किमतीपेक्षा खोली स्वस्त मिळाली आणि या दरात दुसऱ्याची खोली कुणालाच नको होती.

याच प्रश्नावर गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी 1999 मध्ये ‘रेंटल हार्मनी’ नावाचा शोधनिबंध लिहिला. काही साध्या अटी पाळल्या, तर प्रत्येकजण वेगळी खोली आपणहून निवडेल असे दर असतातच, हे त्यांनी सिद्ध केलं.

घरी खोल्या वाटताना आपण असा हिशेब करत नाही. आजीला देवघराजवळची खोली, दहावीतल्या मुलाला शांत कोपरा. तिथे गरज बघतात. मित्रांच्या घरातही गरज येते. कुणाची नोकरी गेली, तर दोन महिने सांभाळून घ्यावं. पण ती मदत म्हणून, उघड बोलून. ती खोलीच्या दरात मिसळली, की देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही सलते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडणार असाल, तर चिठ्ठ्या सामान हलवण्याआधीच लिहा. अ‍ॅडव्हान्स याच प्रमाणात भरा. मेंटेनन्स, इंटरनेट आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार समान वाटा. एसी एकाच खोलीत असेल, तर त्याला वेगळा सबमीटर बसवून घ्या.